दुकान कुठे, हे शहराला ठरवू द्या

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटा प्लाझा आहे. कॅनडातल्या आमच्या मिसिसॉगा शहरात असे कितीतरी असतील. एका टोकाला भारतीय ग्रोसरी, जिथे शुक्रवारी संध्याकाळी ताजी मेथी येते. मग सलून, मग दातांचा दवाखाना, मग लहान मुलांचा गणिताचा क्लास, आणि क्लासच्या भिंतीला भिंत लावून एक गाळा, जो कोविडनंतर रिकामाच पडून होता. मागच्या आठवड्यात मेथी आणायला गेले तर त्या रिकाम्या गाळ्याच्या काचेवर एक फलक लावलेला दिसला. गांजाच्या दुकानासाठी अर्ज आला आहे, काही म्हणणं असेल तर पंधरा दिवसांत कळवा, अशा अर्थाचा. मी वाचत उभी होते तेवढ्यात क्लास सुटला. पाठीवर दप्तरं घेतलेली आठ-दहा मुलं माझ्या मागून पळत गेली आणि आपापल्या आईबाबांच्या गाड्या शोधू लागली. दोन्ही दारांमधलं अंतर मी पावलांनी मोजलं. नऊ पावलं भरलं.

त्याच रात्री त्या फलकाचा फोटो आमच्या मराठी ग्रुपवर आला आणि मेसेजची रांग लागली. ‘मुलांना घेऊन इतक्या लांब आलो ते ह्यासाठी का?’ असं एकीनं लिहिलं. एका काकांनी सह्यांची मोहीम सुरू केली आणि पत्राचा मसुदाही टाकला. त्यात आपले संस्कार, आपली संस्कृती, उद्याची पिढी, सगळं होतं. पंचविशीतल्या दोघातिघांनी उलट विचारलं की धंदा कायदेशीर आहे, बिअरच्या दुकानाला आपण कधी हरकत घेतली होती का? दोन्हीकडचं सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की भांडण भलत्याच प्रश्नावर चाललंय. दुकानं असावीत की नसावीत, हा प्रश्न कॅनडानं 17 ऑक्टोबर 2018 ला कायदा लागू करून निकालात काढला. आता उरलाय तो ‘कुठे’ हा प्रश्न. आणि आमच्या ओंटारियो प्रांताच्या सरकारनं नेमका तोच शहराच्या हातून काढून घेतला आहे. माझी हरकत ह्याला आहे.

दुकानाला माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकते. परवान्याच्या दुकानात 19 वर्षांखालच्या मुलाला पाऊलही टाकता येत नाही. माल प्रांताच्या घाऊक यंत्रणेतूनच येतो, तपासलेला असतो, आणि खाण्याच्या पदार्थांच्या एका पाकिटात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, 10 मिलिग्रॅमच्या वर नसतं. कामावरच्या माणसाला प्रशिक्षण घ्यावं लागतं. परवान्याविना चालणाऱ्या दुकानात ह्यातलं काहीच नसतं. तिथे वय विचारलं जाईल ह्याचीही खात्री नाही. ज्यांना आपल्या मुलांची काळजी आहे त्यांनी ह्या दोन दुकानांना एकाच मापानं मोजू नये.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. चार-पाच वर्षांच्या मुलांना गांजाचा सगळ्यात मोठा धोका घरातच असतो, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर राहून गेलेल्या गमीच्या, म्हणजे गांजा घातलेल्या जेलीच्या गोळ्यांच्या, पाकिटातून. ओटावातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रांतांची तुलना केली. जिथे गमी, चॉकलेटं विकायला परवानगी मिळाली तिथे नकळत खाऊन दवाखान्यात दाखल होणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण बरंच वाढलं, आणि क्वेबेकनं गोड खाऊच्या रूपातला गांजा विकू दिला नाही तर तिथे ते तितकं वाढलं नाही. म्हणजे काय विकायचं ह्याचा विचार कुठे विकायचं ह्याच्याइतकाच, कदाचित जास्तच, महत्त्वाचा आहे. पण काय विकायचं हे केंद्र सरकार आणि प्रांत ठरवतात. जागेबद्दल खरी माहिती असते ती त्या जागेवर राहणाऱ्याला, आणि त्याच्या शहराला.

आता ओंटारियोचा कायदा काय म्हणतो ते बघू. परवाना देतं अल्कोहोल अँड गेमिंग कमिशन, ज्याला इथे सगळे एजीसीओ म्हणतात. दुकान शाळेपासून किमान 150 मीटर लांब हवं. एवढी एकच अंतराची अट. इथे शाळा म्हणजे शिक्षण कायद्यातली शाळा, सरकारी किंवा खासगी. पाळणाघर त्यात येत नाही. ग्रंथालय, बाग, कम्युनिटी सेंटर, व्यसनमुक्ती केंद्र ह्यातलं काहीच येत नाही. गणिताचा क्लासही येत नाही. अर्ज आला की जागेवर फलक लागतो आणि पंधरा दिवस शहराला व रहिवाशांना आपलं म्हणणं मांडता येतं. पण म्हणणं तीनच विषयांवर मांडायचं: सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षितता, तरुणांना गांजापासून दूर ठेवणं, आणि बेकायदा धंद्याला आळा. ह्याबाहेरचं काही लिहिलं तर ते विचारात घेतलं जात नाही. त्याच रस्त्यावर आधीच चार दुकानं आहेत, पाचवं कशाला, हा मुद्दा ह्या तीन चौकटींत बसवताना चांगल्या वकिलालाही घाम फुटेल. आणि पाच दुकानं एका ओळीत आली तर त्या रस्त्याचं काय होतं हे तिथल्या भाजीवाल्याला विचारावं.

शहराचे हात तर त्याहून बांधलेले आहेत. कुठल्या भागात घरं, कुठे कारखाने, कुठे दुकानं हे ठरवणं हे इथल्या सिटी कौन्सिलचं रोजचं काम. गाडी धुण्याचं केंद्र कुठे असावं ह्यावरही शहराचे नियम असतात. पण गांजाच्या दुकानासाठी वेगळा झोनिंगचा नियम करायला किंवा शहराचा स्वतःचा परवाना लावायला प्रांताच्या कायद्यानं मनाई केली आहे. किराणा विकायला परवानगी असलेल्या गाळ्यात गांजाही विकता येतो, विषय संपला. शहराचे नियोजन अधिकारी, ज्यांना प्रत्येक चौक पाठ असतो, त्यांनीही आपल्या-तुपल्यासारखंच त्या तीन विषयांवर पत्र लिहायचं. त्यात मुदत पंधरा दिवसांची. कौन्सिलच्या बैठकीत विषय येऊन ठराव होईपर्यंत ती सहज उलटून जाते. म्हणून काही शहरांनी हे उत्तर देण्याचं काम थेट अधिकाऱ्यांवर सोपवलं. म्हणजे ज्यांना आपण मत देऊन निवडलं त्यांच्यापुढे हा प्रश्न चर्चेला येतच नाही.

शहराला एकच खरा अधिकार दिला होता, आणि तो एकदाच वापरायचा होता. 22 जानेवारी 2019 च्या आत ‘आमच्या हद्दीत दुकान नको’ असा ठराव करायचा. आज नको म्हटलं तर पुढे कधीही हो म्हणता येतं, पण एकदा हो म्हटलं की मागे फिरता येत नाही. जागांबद्दल एक शब्दही बोलता येणार नाही, हवं तर सगळीकडे आणि नको तर कुठेच नाही, अशी ही निवड. शहरं घाबरली तर दोष कुणाचा? 414 पैकी 77 नगरपालिकांनी नको म्हटलं. मार्कहम, व्हॉन, रिचमंड हिल, ओकव्हिल, टोरोंटोच्या भोवतालची बरीचशी माळ. आमच्या मिसिसॉगानं 2018 च्या डिसेंबरातच नकार दिला. शेजारच्या ब्रॅम्प्टननं होकार दिला.

मग काय झालं? सात लाखांहून जास्त वस्तीच्या ह्या शहरात चार वर्षं एकही परवान्याचं दुकान नव्हतं. गांजा मात्र होता. प्रांताच्या वेबसाइटवरून घरपोच येत होता, ब्रॅम्प्टन आणि टोरोंटोचा इटोबिको भाग गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर होते, आणि परवान्याविना चालणारी दुकानं शहरातही होती. शहराच्या नकारामुळे ह्यातलं काहीच थांबलं नाही. शेवटी 2023 च्या एप्रिलमध्ये कौन्सिलनं निर्णय फिरवला. आणि फिरवला म्हणजे एकदम सगळं दार उघडलं. कालपर्यंत कुठेच नाही, आजपासून जिथे गाळा मिळेल तिथे. मधली पायरी कायद्यात ठेवलेलीच नाही. आमच्या प्लाझाच्या काचेवर लागलेला फलक हा त्या दोन टोकांच्या कायद्याचा परिणाम आहे.

कायदा असा का झाला, हेही समजून घ्यायला हवं. आधीच्या कॅथलीन विन सरकारची योजना होती की दुकानं सरकारी असतील आणि दारूच्या सरकारी यंत्रणेमार्फत चालतील. सुरुवात 40 दुकानांनी, पुढे 150. 2018 च्या जूनअखेर डग फोर्ड मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या सरकारनं सगळं खासगी करायचं ठरवलं. पहिली 25 दुकानं सोडत काढून दिली, ती 1 एप्रिल 2019 पासून उघडायला लागली. 2020 उजाडताना सोडतही गेली आणि संख्येवरची मर्यादाही. तेव्हा सरकारपुढची चिंता खरी होती. दुकानं कमी असल्यामुळे बेकायदा धंदा फोफावत होता. 2019 च्या उन्हाळ्यात टोरोंटोत परवाना नसलेल्या एका साखळीची दुकानं बंद ठेवायला महापालिकेला दारासमोर काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे आणून ठेवावे लागले होते. अशा वेळी प्रत्येक कौन्सिलनं प्रत्येक जागेवर वर्षभर चर्चा केली असती तर कायदेशीर बाजार उभाच राहिला नसता, हे सरकारचं म्हणणं मला पटतं. मला पटत नाही ते एवढंच, की तेव्हाची घाई आजही कायद्यात तशीच ठेवली आहे. 2022 पर्यंत प्रांतात दीड हजारांच्या वर दुकानं झाली. तुटवडा कधीच संपला. आता अडचण दाटीची आहे. टोरोंटोच्या क्वीन स्ट्रीट वेस्टवर एका फेरीत किती दुकानं लागतात ते तिथे फिरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. 2020 मध्ये आमदार मॅरिट स्टाइल्स यांनी विधानसभेत एक विधेयक मांडलं होतं. परवाना देताना नगरपालिकेचा ठराव विचारात घ्यावा आणि एका भागात होणारी दाटी पाहावी, एवढीच मागणी. ते मंजूर झालं नाही.

दाटी होते कशी, हे नकाशा समोर ठेवला की कळतं. 150 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत साधारण सात हेक्टर जागा येते, म्हणजे साडेसतरा एकर. अशी वर्तुळं शहरभर शाळांभोवती काढायची. उरलेल्यातून घरांचे आणि कारखान्यांचे भाग वजा करायचे. मग शिल्लक राहतात मोठ्या रस्त्यांवरचे ठरावीक पट्टे. त्यातही ज्या मालकाचा गाळा रिकामा आहे आणि ज्याला भाड्याची घाई आहे, तिथे अर्ज जातो. स्वस्त भाड्याचे, जुने प्लाझा बहुतेक नव्यानं आलेल्या लोकांच्या वस्तीत असतात. आमचं ग्रोसरीचं दुकान तिथे आहे ते भाडं परवडतं म्हणूनच. तेव्हा दुकानं आपल्याच नशिबी का, असं ग्रुपवर जे विचारलं गेलं त्याचं उत्तर कुणाच्या द्वेषात नाही, ह्या साध्या हिशोबात आहे. आणि अंतर वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. 150 चं 300 मीटर केलं की वर्तुळ चौपट होतं, अठ्ठावीस हेक्टर, आणि सगळी दुकानं आणखीच थोड्या पट्ट्यांत कोंबली जातात. दोन दुकानांमधलं अंतर ठरवल्याशिवाय दाटी कमी होत नाही, आणि ओंटारियोत तेवढं सोडून दिलं आहे.

व्हँकुव्हरनं हे आधीच ओळखलं होतं. संपूर्ण देशात कायदा येण्याच्या तीन वर्षं आधी, 2015 मध्ये, त्या शहरानं वैद्यकीय गांजाच्या नावाखाली चालणाऱ्या दुकानांसाठी स्वतःचे नियम केले. शाळा आणि कम्युनिटी सेंटरपासून 300 मीटर, आणि एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंतही 300 मीटर. पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या कायद्यानं प्रत्येक शहराला तो हक्क दिला. तिथे अर्ज आला की प्रांत शहराला कळवतो, शहर रहिवाशांचं म्हणणं ऐकून लेखी शिफारस करतं, आणि ती शिफारस अनुकूल नसेल तर परवाना मिळूच शकत नाही.

आता कुणी म्हणेल, मग रिचमंडचं काय? बरोबर आहे. व्हँकुव्हरला खेटून असलेल्या रिचमंड शहरानं दुकानांना बंदीच केली. शहराच्या हातात सगळा अधिकार दिला की शहर ‘कुठे’ ऐवजी ‘नकोच’ म्हणून मोकळं होऊ शकतं, हा आक्षेप खरा आहे. माझ्या दारात नको, दुसऱ्याच्या दारात असू दे, ही वृत्ती आपल्यातही आहे. काकांच्या मसुद्यात ती ओळीओळीतून दिसत होती. म्हणून मला ब्रिटिश कोलंबियाचा कायदा जसाच्या तसा इथे नको आहे. मला हवं ते असं: ज्या शहरानं दुकानांना हो म्हटलं आहे त्याला नियम आधी जाहीर करू द्यावेत. दोन दुकानांमध्ये किती अंतर, मुलांची रोज ये-जा असलेल्या कुठल्या जागा वगळायच्या, एका प्लाझात किती दुकानं. अर्ज त्या नियमांत बसला तर शहरानं अडवायचं नाही. बसला नाही तर साठ दिवसांच्या आत कारणं लेखी द्यायची, आणि अर्जदाराला त्यावर दाद मागता यावी. सगळ्या शहरभर मिळून एकही जागा उरणार नाही असे नियम केले तर ते प्रांतानं रद्द करावेत. ह्यात धंदेवाल्याचाही फायदा आहे. आज तो गाळ्याचं भाडं भरतो, आतलं सामान बसवतो, आणि सहा महिन्यांत शेजारच्याच गाळ्यात दुसरा येऊन बसतो.

हे लिहिताना महाराष्ट्रातली ‘आडवी बाटली’ सारखी डोळ्यांपुढे येते. गावातल्या बायका सह्या गोळा करतात, गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद. मतदान केलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणून मजुरीला बाहेरगावी गेलेल्या बायकांना त्या दिवसासाठी परत आणावं लागतं. त्या बायकांबद्दल मला अपार आदर आहे. पण ती पद्धत इथे आणा असं मी म्हणणार नाही, कारण तीही शेवटी ‘असावं की नसावं’ ह्याच प्रश्नावर थांबते, आणि दुकान उघडून घरं बसल्यानंतर लढावी लागते. 2025 च्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. मला ते जास्त जवळचं वाटलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाला दुकान यायच्या आधी विचारलं जातं आणि त्याच्या उत्तरानं फरक पडतो.

वरून एकच अंतर ठरवून दिलं की काय होतं, तेही भारतात आपण पाहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश 2016 च्या डिसेंबरात दिला. मग केरळात एका बारनं दारापर्यंत वळणावळणाची वाट बांधून चालायचं अंतर वाढवलं, आणि काही राज्यांनी शहरांतल्या महामार्गांचा दर्जाच बदलून टाकला.

आमच्या प्लाझात काय होईल ते मला दिसतं आहे. आतला माल लहान मुलांना बाहेरून दिसता कामा नये असा केंद्राचा नियम आहे, त्यामुळे दुकानदार काचा झाकून टाकतात. आज त्या ओळीत चालताना सलूनमधला आरसा दिसतो, दातांच्या डॉक्टरांकडे बसलेले लोक दिसतात, गणिताच्या क्लासमधली मुलं मान खाली घालून बसलेली दिसतात. हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो तेव्हा ह्याच काचांचा उजेड फुटपाथवर येतो. मधोमध एक आंधळी काच आली की तेवढा तुकडा काळोखा होणार. ओळीच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, कोपऱ्याचा आणखी एक गाळा रिकामा आहे, ज्याच्यासमोर दिव्याचा खांब आहे. दुकान तिथे आलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. शहराच्या कुठल्याही नियोजन अधिकाऱ्यानं एका चकरेत हे सांगितलं असतं. पण असं सांगायची सोय त्याला कायद्यात नाही.

माझं पत्र मी काल रात्री पाठवलं. संस्कृतीबद्दल त्यात एक अक्षर नाही. क्लासची वेळ चार ते आठ, येणारी मुलं सहा ते चौदा वर्षांची, दोन दारांत नऊ पावलं, मागच्या पार्किंगमध्ये दिवा नाही, एवढंच लिहिलं, आणि परवाना देणारच असाल तर दार दुसऱ्या बाजूला काढायला लावा आणि मागे दिवा बसवायला लावा अशी मागणी केली. तीन विषयांच्या चौकटीत बसेल असं. दुसरं पत्र आमच्या काउन्सिलरला आणि आमदाराला लिहिलंय, ते कायदा बदलण्याबद्दल आहे आणि त्याला पंधरा दिवसांची मुदत नाही.

मग काकांना फोन केला. एकशे चाळीस सह्या झाल्यात म्हणाले. ह्या पत्रावर त्या वाया जातील असं सांगितलं तेव्हा जरा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, काय लिहायचं ते सांग. फलकाची मुदत मंगळवारी संपते आहे. रविवारी सकाळी त्यांच्याकडे बसून आम्ही मसुदा नव्यानं लिहितोय. क्लास चालवणाऱ्या बाईही येणार आहेत, मुलांची हजेरीची वही घेऊन.